कोणता हिरवा

पहिली रात्री अकराला, उशीवर.
तीत वाटाणे होते, अख्खे,
रागाच्या भरात गिळलेले.
दुसरी माझ्या खांद्यावर.
तिसरीला मी बादली धरून बसलो होतो,
तेव्हा कैरी म्हणाली, बाबा, आतून कोणीतरी ढकलतंय.

कागदोपत्री ती कैरवी, म्हणजे चांदणं.
पण चार वर्षांच्या आंबट पोरीला
चांदणं कोण म्हणणार?

अनघा नाइट शिफ्टला. केअर होममधल्या
कुणा म्हाताऱ्याची कूस बदलत असेल, फोन लॉकरमध्ये.
जालन्याला उजाडलं होतं. आईला लावला.
ती म्हणाली, पडू दे बाहेर. शरीर खुळं नसतं,
नको ते ठेवून घेत नाही.
मग म्हणाली, त्या तुझ्या हल गावात
हालच फार रे तुझे.

कैरीनं पेलाभर पाणी घटाघटा प्यायलं,
मी शहाणा, पिऊ दिलं.
चार मिनिटांत जसंच्या तसं परत.
पाचवी पिवळी.
सहावी...

एक, एक, एक.
नर्सचा आवाज इथलाच, हंबरच्या काठचा,
दर वाक्याच्या शेवटी 'लव्ह'.
डोकं कुठे आपटलं का? नाही.
हनुवटी छातीला टेकते? टेकते.
अंगावर पुरळ? काचेचा ग्लास दाबून बघ, पुसट होतं का.
पुरळ नव्हतं. तरी मी ग्लास दाबला,
आधी स्वतःच्याच दंडावर.
रडताना डोळ्यांत पाणी येतं?
ती रडतच नव्हती. क्षणभर वाटलं, चिमटा काढावा,
आणि ते वाटल्याची लाज वाटली.
शू शेवटची कधी?
मला आठवेना.
उलटीचा रंग?

हिरवा, मी म्हणालो.
पलीकडे टाइप करणं थांबलं.
कोणता हिरवा?

या प्रश्नावर तर माझं पोट चालतं.
अॅनलबी रोडवरच्या दुकानात, रंग कालवायच्या मशीनमागे,
आठ वर्षं मीच विचारतो लोकांना, कोणता हिरवा?
उशीचा अभ्रा आणतात, झाडाचं पान आणतात,
एका बाईनं गेलेल्या नवऱ्याचा स्वेटर आणला होता,
तोही थेंबाथेंबानं जुळवून दिला.
शेवाळी, पोपटी, पिस्ता, मुगाच्या सालीचा,
एवढे शब्द घेऊन आलो होतो मी या देशात,
आणि पहाटे तीनला, न्हाणीघराच्या पिवळ्या बल्बखाली
बादलीतला एक रंग सांगता येईना.

पिवळसर असेल तर बहुतेक रिकामं पोट, ती म्हणाली.
पण गवतासारखा, पालकासारखा असेल
तर आतड्याची वाट अडलेली असू शकते.
त्याला सकाळ होईपर्यंत थांबायचं नाही.
मला ठरवता येत नाहीये, मी म्हणालो.
मग ठरवू नकोस, लव्ह. निघ.

टेस्टर पॉटच्या रिकाम्या डबीत नमुना घेतला,
झाकण घट्ट, सवयीनं वर तारीख घातली.
टॅक्सीवाल्यानं आरशात पाहिलं
आणि न बोलता मागे एक पिशवी दिली.

डॉक्टर पोरगेलीच, दोन पायांत दोन रंगांचे मोजे.
पोट चारी बाजूंनी दाबलं. कैरीला गुदगुल्या झाल्या.
डबी उजेडात धरली.
पिवळा, ती म्हणाली. लिंबाकडे झुकणारा.
मी माफी मागू लागलो,
तर म्हणाली, हिरव्याची शंका आली की यायचंच.
चुकलात तरी यायचं.
आणि पेला नाही. चमचा.

मग पुडीतलं ते खारटगोड पाणी
पाच मिनिटांनी एक चमचा, पाच मिनिटांनी एक,
चमच्याकाठी माझेच ओठ उघडत होते.

सातला बाथरूमच्या दारापाशी उकिडवा बसलो,
कान लावून.
आधी काहीच नाही.
मग बारीक, कंजूष,
पण आली.

जिन्याखाली अनघा बूट काढत होती.
रात्र कुठून सांगायला घ्यावी कळेना.
शू झाली, मी म्हणालो.
ती एका पायात बूट तसाच ठेवून
वर बघत राहिली,
आणि आतून कैरी ओरडली,
फ्लश मी करणार!